रॉकेट दर वेळी वेगळ्याच उंचीवर जातंय, लेकीच्या टीमला काय सांगू?

रानजाई
११ फेब्रुवारी २०२४

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत असतो. लेक आठवीत आहे. शाळेतल्या चार मुली आणि दोन मुलगे मिळून त्यांनी यंदा अमेरिकन रॉकेट्री चॅलेंजमध्ये नाव दिलंय. ज्यांना ही स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सहावी ते बारावीची मुलं स्वतः रॉकेट बनवतात आणि त्यात कोंबडीचं कच्चं अंडं ठेवून उडवतात. यंदा रॉकेटनं बरोबर ८२० फूट उंची गाठायची आहे आणि उडाल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत ४३ ते ४६ सेकंद हवेत राहायचं आहे. उंची जितके फूट चुकली तितके गुण, आणि वेळ जितके सेकंद बाहेर गेली त्याच्या चौपट गुण. गुण जितके कमी तितकं चांगलं. अंड्याला तडा गेला की ते उड्डाण बाद. एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत तीन अधिकृत उड्डाणं करता येतात, त्यातली चांगली दोन धरतात. देशभरातून पहिल्या १०० टीमना मे महिन्यात व्हर्जिनियात अंतिम फेरीला बोलावतात.

आता अडचण. आतापर्यंत सरावाची चार उड्डाणं झाली. उंची आली ८७१, ८०२, ८४६ आणि ७८८ फूट. रॉकेट तेच, मोटर (म्हणजे रॉकेटला वर ढकलणारी इंधन भरलेली नळी) त्याच प्रकारची, तरी ८० फुटांचा फरक. चौथ्या वेळी अंडंही फुटलं. लेकीनं अंडं ठेवायची कॅप्सूल उघडली तेव्हा बलक सगळ्या फोममध्ये मुरला होता. ती काही बोलली नाही, टिश्यूनं पुसत बसली. घरी आल्यावर जेवलीही नाही नीट.

त्यांना एक मार्गदर्शक आहेत, राष्ट्रीय रॉकेट्री संघटनेचे जुने सभासद, फार चांगले गृहस्थ. पण त्यांच्याकडे सहा टीम आहेत आणि मैदान महिन्यातून एक-दोनदाच मिळतं. आमच्या घरात मी हिशेबातली आणि नवरा आयटीमधला, दोघांनाही यातलं काही कळत नाही. त्याचं म्हणणं असं की फिन, म्हणजे रॉकेटच्या शेपटीकडच्या पट्ट्या, वाकड्या बसल्यात, त्या तो स्वतः नव्यानं बसवून देईल. लेक म्हणते, बाबा, हात लावायचा नाही, नियमात बसत नाही. गेले दोन दिवस दोघं जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून एकमेकांशी बोलत नाहीयेत.

तर माझे दोन प्रश्न. उंची इतकी का हलते? आणि आईवडिलांनी यात नेमकं किती पडायचं? इथे कुणाची मुलं या स्पर्धेत उतरली असतील तर कृपया सविस्तर लिहा. मार्चमधले मैदानाचे दोन दिवस एवढाच वेळ हातात आहे.

मुक्तछंद
११ फेब्रुवारी २०२४

फारच छान उपक्रम. लेकीचं आणि टीमचं कौतुक. मला अनुभव नाही, पण चारही आकड्यांची सरासरी काढली तर ८२७ येते, म्हणजे तुम्ही लक्ष्याच्या अगदी जवळ आहात. थोडं वजन वाढवलंत की झालं. ओपनरॉकेट नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात रॉकेटचं चित्र काढून वजन बदलून बघता येतं. शुभेच्छा!

कृष्णाकाठ
१२ फेब्रुवारी २०२४

रानजाई ताई, मी मूळचा सांगलीचा, आता उत्तर व्हर्जिनियात राहतो. अंतिम फेरी जिथे होते ते ग्रेट मेडो मैदान, द प्लेन्स गावाजवळचं, आमच्या घरापासून तासाभरावर आहे. माझा मुलगा २०२२ आणि २०२३ असे दोन हंगाम या स्पर्धेत होता. गेल्या वर्षी लक्ष्य होतं ८५० फूट आणि ४२ ते ४५ सेकंद. तुमचे चार आकडे वाचले आणि आमची वही काढून बसलो. आमचे पहिले आकडे याहून वाईट होते, त्यामुळे धीर सोडू नका.

मुक्तछंद, ओपनरॉकेटचं बरोबर आहे, ते मुलांनी वापरायलाच हवं. पण सरासरीनं फसू नका. इथे प्रत्येक उड्डाण एकेकटं मोजतात. वरच्या चारांत चूक ५१, १८, २६ आणि ३२ फुटांची आहे, सरासरी कितीही गोड दिसली तरी. नेम चुकणं वेगळं आणि हात थरथरणं वेगळं. नेम चुकत असेल तर थोडं डावीकडे धरा, उजवीकडे धरा, जमतं. हात थरथरत असेल तर आधी हात स्थिर करावा लागतो. तुमच्या टीमनं सध्या ८२० हा आकडा बाजूला ठेवावा. दोन उड्डाणं लागोपाठ एकमेकांच्या दहा-बारा फुटांत आली पाहिजेत, मग ती ७६० ला का येईनात. ते जमलं की ८२० वर आणणं हे एका दुपारचं काम आहे.

हात कशानं थरथरतो ते सांगतो.

सर्वांत आधी वजन. नियमात अंडं ५५ ते ६१ ग्रॅमचं चालतं. आमच्या रॉकेटला एका ग्रॅममागे दीड ते दोन फुटांचा फरक पडायचा. म्हणजे नुसतं अंडं बदललं तरी दहा फूट गेले. त्यात मोटर, पॅराशूटखाली भरायचं न जळणारं वॅडिंग, चिकटपट्टीचे तुकडे, प्रत्येक वेळी थोडं इकडेतिकडे होतंच. आम्ही शेवटी असं ठरवलं की उड्डाणाला उभं राहणारं रॉकेट, अंड्यासकट, मोटरसकट, दर वेळी ग्रॅमला ग्रॅम तेवढंच भरलं पाहिजे. अंडं हलकं असेल तर अंड्याच्या कप्प्यात मुलांच्या खेळण्यातल्या मातीची गोळी टाकायची, जड असेल तर काढायची. ६५० ग्रॅमची कमाल मर्यादा आहे, त्याच्या बऱ्याच खाली राहा म्हणजे खेळायला जागा राहते. मैदानावर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा न्या आणि तो वाऱ्यात ठेवू नका, गाडीच्या आत सीटवर सपाट पाटी ठेवून त्यावर ठेवा. वाऱ्यात काटा चार-पाच ग्रॅम इकडेतिकडे नाचतो. आमचे पहिले दोन महिने त्यातच गेले.

दुसरं, रॉकेट सुटतं कशावरून? बारीक दांड्यावरून सोडत असाल तर ते आधी बंद करा. एवढं वजन त्यावरून निघताना दांडा हलतो, रॉकेट सुटतानाच वाकडं निघतं. एक इंच चौकोनी ॲल्युमिनियमची सहा फुटी रेल घ्या, रॉकेटला दोन छोटी बटणं बसतात आणि ती खाचेतून सरकतात. तुमच्या मार्गदर्शकांकडे ती नक्की असणार, फक्त मुलांनी मागितली पाहिजे.

तिसरं, वारा. रॉकेटला फिन असतात म्हणून ते वाऱ्याच्या दिशेनं तोंड वळवतं, जसं देवळावरचं निशाण वळतं तसंच, फक्त उलट बाजूला. तोंड वळलं की वर जाण्याऐवजी तिरकं जातं आणि उंची घटते. गुरुत्वमध्य (रॉकेट जिथे बोटावर तोललं जातं ती जागा) हा दाबकेंद्राच्या (हवेचा एकूण दाब जिथे लागतो ती जागा) पुढे असायला हवा, किमान नळीच्या एका व्यासाएवढा, नाहीतर रॉकेट गटांगळ्या खाईल. पण मुलं भीतीपोटी फिन मोठ्या करतात आणि अंतर तीन व्यासांवर नेतात. असं रॉकेट वाऱ्याला फार वळतं. तुमचं ७८८ चं उड्डाण वाऱ्याच्या दिवसाचं होतं का? माझी पैज आहे, होतं.

चौथं, मोटर. मोटरवरचं इंग्रजी अक्षर म्हणजे एकूण जोर. दर अक्षराला मर्यादा दुप्पट होते: ए म्हणजे २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी ५, सी १०, डी २०, ई ४०, एफ ८०. ही स्पर्धा एफपर्यंतच आहे. अक्षरापुढचा आकडा म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये. त्यानंतरचा आकडा म्हणजे जळणं संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकायचं. हा शेवटचा आकडा मुलं विसरतात. रॉकेट अजून वर चढत असतानाच पॅराशूट बाहेर आलं तर तिथेच ब्रेक लागतो, उंची कापली जाते, आणि दोरी नळीचा काठ चिरत जाते. नळीच्या तोंडाशी चीर दिसतेय का बघा. दिसली तर तुमचं उत्तर तिथेच आहे. आणि उरलेल्या हंगामाच्या सगळ्या मोटर एकदम, एकाच बॅचच्या घ्या.

पाचवं, उंची मोजणारं यंत्र हवेचा दाब मोजतं. त्यासाठी नळीला बारीक भोकं असतात. भोकांचे काठ खरबरीत असले, किंवा पॅराशूट फेकणारा वायू त्या कप्प्यात शिरला, तर आकडा खोटा येतो. काठ बारीक पॉलिश पेपरनं साफ करा आणि कप्प्यांमधली भिंत हवाबंद आहे का ते तपासा.

हे सगळं लक्षात राहणार नाही, म्हणून वही. माझे वडील फाउंड्रीत होते. ते पाळीची वही लिहायचे. वाळूत ओल किती, धातू ओतताना किती तापला होता, बाहेर पाऊस होता का. कास्टिंगला भोकं पडली की भांडण न करता वहीची पानं मागे उलटायचे आणि बोट ठेवून सांगायचे, या पाळीपासून बिघडलं. मुलाला मी तशीच वही करून दिली. दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची. त्यात प्रत्येक उड्डाणाला तारीख, वेळ, तापमान, वारा कुठून आणि किती, अंड्याचं वजन, एकूण वजन, मोटरचा कोड आणि बॅच, रेलचा कोन, पॅराशूट कुणी घडी घातलं, उंची, उड्डाणाची वेळ मोजणाऱ्या दोन्ही घड्याळांच्या वेळा, आणि रॉकेट कुठे पडलं. सोळाव्या उड्डाणानंतर मुलांना स्वतःलाच दिसलं की सकाळी साडेनऊच्या आधीची उड्डाणं नेहमी खाली येतात. गार हवा दाट असते, घर्षण जास्त. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या मुलानं फोनवर टीममधल्या प्रत्येकाला एकेक करून ती गोष्ट सांगितली, दीड तास चाललं होतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर रात्री लिहितो, तो जास्त महत्त्वाचा आहे.

कृष्णाकाठ
१२ फेब्रुवारी २०२४, रात्री

आईवडिलांनी किती पडायचं, हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणून बरं वाटलं. मी जे केलं ते सांगतो.

मार्च २०२३ चा शेवटचा आठवडा. आमचं तिसरं अधिकृत उड्डाण शिल्लक होतं. पहिल्या दोनांतलं एक चांगलं होतं, एक वाईट. तिसरं चांगलं आलं असतं तर १०० मध्ये जाण्याची आशा होती. आदल्या रात्री मुलं दमून झोपली. सगळं सामान डायनिंग टेबलावर पसरलेलं होतं, आणि मला वाटलं, पॅराशूट मी घडी घालून ठेवतो, सकाळी तेवढी घाई कमी. मी ते नीट, अगदी इस्त्री केल्यासारखं घडी घातलं, दोऱ्या गुंडाळल्या, नळीत घट्ट बसवलं. रात्रभर रॉकेट गाडीत राहिलं. सकाळी गवतावर दंव होतं. रॉकेट सुंदर वर गेलं, सरळ रेषेत. वर पॅराशूट बाहेर पडलं पण उघडलं नाही. थंडीत रात्रभर दाबून ठेवलेल्या नायलॉनला घडीची सवय लागते, ते गुंडाळीसारखं तसंच राहिलं. आम्ही सगळे खालून बघत होतो, तोंडातून एकेक जण म्हणत होता, उघड, उघड. ते उघडलं नाही.

अंड्याचं काय झालं ते सांगायला नको. उड्डाण बाद. मुलगा गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाला, "बाबा, पॅराशूट मी सकाळी घालणार होतो, पावडर लावून. वहीत लिहिलंय." खरंच लिहिलं होतं. नोव्हेंबरमधल्या एका उड्डाणापुढे त्याच्या अक्षरात: पॅराशूट मैदानावरच घालायचं, रात्री नाही. मी ते पान वाचलं नव्हतं.

नियम सांगतो की आखणी, बांधणी आणि उड्डाण विद्यार्थ्यांनीच करायचं. मी तो नियम मोडला, आणि मुलांनी स्वतः शोधून काढलेली गोष्टही पुसून टाकली. आजही ते आठवलं की पोटात कालवतं. म्हणून तुमच्या यजमानांना माझा निरोप द्या: फिन वाकड्या असल्या तरी हात लावू नका. लेकीला विचारा, फिन सरळ आहेत हे तू कसं तपासतेस? विचारून गप्प बसा. ती पुठ्ठ्यावर नळीचा घेर काढेल, कोन आखेल, स्वतःच खाच कापून साचा बनवेल. नाही जमलं तर मार्गदर्शकांना विचारेल. आईवडिलांचं काम गाडी चालवणं, मोटरचे पैसे देणं, गरम पाणी आणि खाणं नेणं. आमच्या टीमची कोरियन मुलगी आणि माझा मुलगा मैदानावर माझ्या बायकोच्या थालीपिठांवर जगायचे.

आता पॅराशूटबद्दल, कारण अंडं तिथेच वाचतं. ८२० फुटांवर जायला साधारण सात सेकंद लागतात. उरलेल्या ३७-३८ सेकंदांत खाली यायचं म्हणजे सेकंदाला २२ फूट, जवळजवळ ७ मीटर. हा वेग म्हणजे अडीच मीटरवरून वस्तू सोडल्यावर जमिनीशी जेवढा असतो तेवढा. याचा अर्थ अंड्याच्या कॅप्सूलची परीक्षा घ्यायला रॉकेट लागतच नाही! घराच्या डेकवरून, आठ फुटांवरून, कॅप्सूल खाली टाकायची. आमच्या मुलांनी तीन डझन अंडी अशी टाकली. कडक फोममध्ये फुटतात, फार मऊ फोममध्ये अंडं तळाला आपटतं. अंडं उभं ठेवून वर आणि खाली दोन्हीकडे बसका फोम, आणि अंडं आत हलवलं तर हललं नाही पाहिजे, हे त्यांचं उत्तर निघालं. तुमच्या टीमचं वेगळं निघेल, त्यांचं त्यांना शोधू द्या.

वेळ जुळवायला पॅराशूट नवं करू नका. दोऱ्या मध्ये एकत्र बांधून आखूड केल्या की घेर कमी उघडतो आणि रॉकेट लवकर उतरतं. दोरीवर पेननं खुणा करून ठेवायच्या, कुठल्या खुणेला गाठ मारली की किती सेकंद, ते वहीत.

घडी मैदानावरच घालायची. लहान बाळाला लावतो ती पावडर कापडावर शिंपडायची, झटकायची, मग घडी.

रानजाई
१३ फेब्रुवारी २०२४

कृष्णाकाठ दादा, काय लिहू कळत नाही. दोन्ही प्रतिसाद मी नवऱ्याला आणि लेकीला एकत्र बसवून मोठ्यानं वाचून दाखवले. थंडीतल्या सकाळचा भाग वाचताना नवरा उठून गॅलरीत गेला. परत आला आणि लेकीला म्हणाला, फिन तू कशा तपासतेस ते मला दाखवशील का? रात्री अकरापर्यंत दोघं जमिनीवर बसले होते.

तुमची पैज तुम्ही जिंकलात. ७८८ च्या दिवशी वारा खूप होता, जॅकेटच्या टोप्या उडत होत्या. आणि नळीच्या तोंडाशी अर्ध्या इंचाची चीर आहे. त्यांनी ती चिकटपट्टीनं झाकून टाकली होती, का पडली हा प्रश्न कुणाच्या मनात आला नव्हता. रेल मार्गदर्शकांकडे आहे. "मुलांनी मागितली नाही म्हणून दिली नाही," म्हणाले!

एक शंका. मागच्या मैदानावर एकदा बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. मुलं लगेच धावायला निघाली, मार्गदर्शकांनी आरडाओरडा करून थांबवलं. मी घाबरले होते. यात धोका किती आहे?

कृष्णाकाठ
१३ फेब्रुवारी २०२४

त्यांनी अगदी बरोबर केलं. रॉकेट पेटलं नाही तर आधी सुरक्षा किल्ली काढून घ्यायची किंवा बॅटरी तोडायची आणि ६० सेकंद कुणीही जवळ जायचं नाही. आमची मुलं मोठ्यानं साठपर्यंत मोजायची, म्हणजे घाई कुणी करत नाही. तुमच्या मोटरच्या आकाराला उडवताना माणसांनी ३० फूट लांब उभं राहायचं. वारा ताशी २० मैलांच्या वर असेल तर उडवायचंच नाही. आणि मोटर कारखान्यात तयार झालेली, प्रमाणित असते. या तीन-चार गोष्टी पाळल्या तर हा छंद सुरक्षित आहे, निर्धास्त राहा.

गोदाकाठ
१५ फेब्रुवारी २०२४

धागा वाचनीय झालाय. मी नाशिकचा. माझा भाचा बारावीला आहे, रॉकेटचं वेड आहे. इथे अशा मोटर दुकानात मिळत नाहीत. तो व्हिडिओ बघून घरीच इंधन करायचं म्हणतोय, साखर वगैरे वापरून. काका, काही टिप्स द्याल का?

कृष्णाकाठ
१५ फेब्रुवारी २०२४

गोदाकाठ, टिप्स देणार नाही, आणि तुम्हाला हात जोडून विनंती आहे की आज संध्याकाळी भाच्याकडे जा आणि ते थांबवा. फोनवर नाही, घरी जा. ते मिश्रण शिजवताना पेटतं तेव्हा तोंडासमोर पेटतं. भारतात परवान्याशिवाय स्फोटक बनवणं १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली गुन्हा आहे ते वेगळंच.

त्याला ही गोष्ट सांगा. हा छंद पसरला तोच मुळी मुलांचे हात वाचवण्यासाठी. १९५० च्या दशकात अमेरिकेत मुलं घरी इंधन करून जखमी होत होती. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑरव्हिल कार्लाइल नावाचे बुटांचे दुकानदार होते, शोभेच्या दारूचा नाद असलेले. त्यांनी १९५४ मध्ये कागदी नळीचं, बदलता येणाऱ्या मोटरचं, पॅराशूटनं उतरणारं रॉकेट बनवलं. व्हाइट सँड्स या अमेरिकेतल्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम करणारे हॅरी स्टाइन रॉकेटच्या सुरक्षिततेवर लिहायचे, ते वाचून कार्लाइलनी त्यांना आपली रॉकेटं पाठवली. दोघांनी मिळून हे पुढे नेलं, १९५७ मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मोटर कारखान्यात बनेल, मुलं बाकीचं सगळं करतील, हा तेव्हापासूनचा पाया आहे.

आणि त्याला गोवारीकरांबद्दल सांगा. वसंत गोवारीकर, आपल्या पुण्याचे, घन इंधनाचे शास्त्रज्ञ, पुढे १९७९ ते १९८५ विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक. घन इंधन हा आयुष्यभराचा अभ्यास आहे, तो स्वयंपाकघरात होत नाही. भाच्याला इंधनाचीच ओढ असेल तर रसायनशास्त्र नीट शिकू दे.

तोपर्यंत पाण्याचं रॉकेट करायला सांगा. शीतपेयाची दोन लिटरची बाटली, सायकलचा पंप, बुचात बसवलेला व्हॉल्व्ह. यात अंडं, पॅराशूट, फिन, गुरुत्वमध्य, सगळं जसंच्या तसं शिकता येतं. बाटली चरे पडलेली किंवा उन्हात पडून राहिलेली नको, आणि पंप मारताना लांब नळी वापरून बाजूला उभं राहायचं. उंची मोजायला यंत्र नको. कोनमापकाला दोरा आणि नटचा ओळंबा बांधा, ५० मीटरवर उभं राहा, सर्वांत वर असताना कोन बघा. ४५ अंश आला तर रॉकेट ५० मीटर वर गेलं, डोळ्याची उंची त्यात मिळवायची. बाकीचं तो त्रिकोणमितीनं काढेल, बारावीला आहे ना.

गोदाकाठ
१६ फेब्रुवारी २०२४

काल गेलो होतो. गच्चीवर सामान आणून ठेवलं होतं त्यानं. बहिणीला कल्पनाही नव्हती. सगळं तिथून हलवलं. आधी रागावला, मग ओळंब्याचं सांगितल्यावर कंपासपेटी घेऊन आला. मनापासून आभार.

रानजाई
९ एप्रिल २०२४

उशीर झाला, क्षमस्व. तिन्ही अधिकृत उड्डाणं झाली. पहिलं ८३८ फूट, ४१.५ सेकंद, म्हणजे १८ आणि ६ मिळून २४ गुण. दुसरं बाद, रॉकेट झाडावर अडकलं आणि काढताना पडून अंडं फुटलं. तिसरं ८२९ फूट, ४४ सेकंद. नऊ गुण! बेरीज ३३. अंतिम फेरीत नाव आलं नाही.

तिसऱ्या उड्डाणाच्या सकाळी तापमान चार अंश होतं. लेकीनं गाडीच्या बॉनेटवर चादर पसरली, पॅराशूट पसरलं, पावडर टाकली, झटकली. मैत्रीण दोऱ्यांच्या खुणा मोजत होती. तिची बोटं गारठून लाल झाली होती. नवरा थर्मास घेऊन बाजूला उभा होता आणि एक शब्द बोलला नाही, मी साक्षीदार आहे. पॅराशूट वर उघडलं तेव्हा आवाज आला, टप्प असा. एवढ्या उंचावरून ऐकू येईल असं वाटलं नव्हतं.

कॅप्सूल उघडून तिनं अंडं उजेडासमोर धरलं, फिरवून फिरवून बघितलं. मग मला म्हणाली, आई, हे घरी न्यायचं.

मे महिन्यात ती सगळी अंतिम फेरी बघायला येणार आहेत. दादा, तुम्ही असाल का?

कृष्णाकाठ
९ एप्रिल २०२४

नऊ गुण म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. आमचं सर्वांत चांगलं उड्डाण चौदाचं होतं. मी आणि मुलगा दोघंही येतोय. लेकीला वही आणायला सांगा, मुलाला तिची पानं बघायची आहेत. टोप्या आणा, सावली नसते.

वऱ्हाडी_पोरगा
४ नोव्हेंबर २०२५

जुना धागा वर आणतोय. मी नागपूरला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आता भारतातही कॉलेजच्या मुलांसाठी इन-स्पेस या सरकारी अवकाश संस्थेची मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅट (डब्याएवढा नमुना उपग्रह) स्पर्धा सुरू झालीय, अंतिम फेरी गेल्याच आठवड्यात उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यातल्या तमकुही राजला झाली. तिथे एक किलोचं ओझं एक किलोमीटर उंच न्यायचं असतं. आमची टीम निवडली गेली नाही, पुढच्या वेळेची तयारी आतापासून करतोय. काका, आमचा पॅराशूटचा प्रश्न आहे. गच्चीवरून टाकून बघितलं तर दहापैकी तीनदा दोऱ्या गुंततात. पावडर लावतो. अजून काय बघू?

कृष्णाकाठ
५ नोव्हेंबर २०२५

अभिनंदन, आतापासून लागलात हे उत्तम. दोऱ्या कापडात गुंडाळताय की कापडाभोवती बाहेरून? बाहेरून गुंडाळत असाल तर कापड उघडण्याआधी दोरी स्वतःतच अडकते. दोऱ्या नागमोडी घडीत, कापडाच्या आत ठेवून बघा. आणि दोऱ्या जिथे एकत्र येतात तिथे फिरती कडी आहे का? मासेमारीच्या सामानाच्या दुकानात मिळते. नसेल तर खाली लटकलेलं वजन गरगर फिरतं आणि दोऱ्यांना पीळ बसतो.

दोन्ही गोष्टी एकदम बदलू नका. आधी घडी बदलून वीस वेळा टाका, मग कडी लावून वीस वेळा. आकडे इथे लिहा.